यमक आणि बालवाचन

मूल बोलावयास आपोआप शिकतें. वाचावयास मात्र त्याला शिकवावेंच लागतें. तें कसें शिकवावें, याविषयीं इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जवळजवळ २०० वर्षें वाद चालत आला आहे. त्या वादाच्या पोटांत एक लहानसा प्रश्न दडलेला आहे. 'कॅट', 'हॅट', 'मॅट' असे एकाच ध्वनीनें संपणारे शब्द मुलाला वाचनाची वाट सुकर करून देतात काय?

मराठी घरांत हा प्रश्न प्रथम चमत्कारिक वाटेल. देवनागरींत अक्षराचें नांव आणि त्याचा उच्चार एकच. 'क' ला 'क'च म्हणावयाचें, काना दिला कीं 'का'. इंग्रजींत तसें नाहीं. 'सी', 'ए', 'टी' हीं नांवें कितीही घाईनें उच्चारलीं तरी त्यांतून 'कॅट' निघत नाहीं. शिवाय 'ए' हें एकच अक्षर 'कॅट', 'बॉल', 'कार' आणि 'केक' या चार शब्दांत चार निरनिराळे स्वर दाखवितें. मुलाची खरी अडचण येथें आहे.

तरीही पुष्कळ काळपर्यंत नांवें घोकण्याचीच रीत होती. दांडी असलेली लाकडी फळी, तिच्यावर अक्षरांचा कागद आणि कागदावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा, असें त्या काळच्या 'हॉर्नबुका'चें स्वरूप असे. मुळाक्षरांखालीं आपल्या बाराखडीची आठवण करून देणाऱ्या जोडाक्षरी ओळी आणि त्यांखालीं ख्रिस्ती प्रार्थना. पुढें १७८३ सालीं नोआ वेब्स्टर यांनीं अमेरिकेंत आपलें प्रसिद्ध स्पेलिंगचें पुस्तक काढलें. त्यांत तीन अक्षरी शब्दांचे उभे रकाने होते. रकाना वरून खालीं वाचीत गेलें म्हणजे पहिलें अक्षर बदले, शेवट तोच राही. यमक अशा रीतीनें क्रमिक पुस्तकांत होतें. पण मुलें अक्षरांचीं नांवें मोठ्यानें म्हणून मग शब्द उच्चारीत, त्यामुळें त्या यमकाचें मर्म कानाला कळण्यास फारसा अवसर नसे.

या पाठांतराविरुद्ध मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस होरेस मॅन यांनीं आवाज उठविला. निरर्थक अक्षरांपासून आरंभ न करतां मुलाला अर्थ असलेला संपूर्ण शब्द प्रथम दाखवावा, असा त्यांचा आग्रह होता. १८४४ सालीं बोस्टनच्या ३१ शिक्षकांनीं पुस्तिका काढून त्यांना कडक उत्तर दिलें. पण पुढच्या शतकांत शब्दपद्धतीचाच जोर झाला. १९३० नंतरच्या अमेरिकन वाचनपाठांत थोडे शब्द पुन्हा पुन्हा येत आणि मुलानें ते चेहऱ्यासारखे ओळखावे, अशी अपेक्षा असे.

१९५५ सालीं रुडॉल्फ फ्लेश यांनीं या पद्धतीवर जळजळीत पुस्तक लिहिलें. मुलें वाचीत नाहींत, तर्क करतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्याच्या आदल्या वर्षीं जॉन हर्सी यांनीं 'लाइफ' साप्ताहिकांत हे पाठ किती नीरस आहेत तें दाखविलें होतें. या खळबळींतून १९५७ सालीं थिओडोर गाइझेल ऊर्फ डॉ. सूस यांचें 'द कॅट इन द हॅट' हें पुस्तक निघालें. त्यांत निरनिराळे शब्द अवघे २३६, आणि सारी गोष्ट यमकांत. ओळीचा शेवट कानाला आधींच कळे आणि डोळा तो पडताळून पाही.

परंतु लोकप्रियता म्हणजे प्रमाण नव्हे. शास्त्रीय पुरावा १९८३ सालीं ऑक्सफर्डहून लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनीं पुढें मांडला. वाचन न येणाऱ्या चारपांच वर्षांच्या सुमारें ४०० मुलांना त्यांनीं 'बन, हट, गन, सन' यांसारखे शब्द ऐकवून विजोड कोणता तें विचारलें. ज्यांचा कान तीक्ष्ण होता तीं मुलें पुढें वाचनांतही सरस ठरलीं. यावरून कारण सिद्ध होत नाहीं, म्हणून कान मंद असलेलीं ६५ मुलें निवडून त्यांचे चार गट केले. पहिल्या गटाला चित्रांच्या साह्यानें समान ध्वनीचे शब्द ओळखावयास शिकविलें. दुसऱ्याला तेंच शिकवून शिवाय प्लॅस्टिकचीं अक्षरें हातीं दिलीं. तिसऱ्यानें तींच चित्रें अर्थावरून लावलीं. चौथ्याला कांहींच शिकविलें नाहीं. दोन वर्षांत ४० पाठ झाल्यावर दुसरा गट तिसऱ्याच्या सुमारें ८ ते १० महिने पुढें गेला. पहिल्याची आघाडी थोडी होती. ध्वनि आणि अक्षर यांची गांठ पडली तेव्हांच खरें फळ मिळालें.

येथेंही वाद संपला नाहीं. चार्ल्स ह्यूम, मार्गारेट स्नोलिंग प्रभृति संशोधकांनीं पुढें असें दाखविलें कीं, यमक ओळखण्यापेक्षां शब्दांतला एकेक ध्वनि सुटा करतां येणें, हें वाचनाचें अधिक भरंवशाचें चिन्ह आहे. इंग्लंडांत २००६ च्या रोझ अहवालानें ध्वनि जोडून वाचण्याची पद्धति पुरस्कारिली. २०१२ पासून तेथें पहिल्या वर्गाच्या मुलांना ४० शब्द वाचावयास देतात. त्यांतले निम्मे मुद्दाम निरर्थक असतात, कारण ते चेहऱ्यावरून ओळखतां येत नाहींत.

मग यमकाचें स्थान कोणतें? इंग्रजींत स्वराचा उच्चार पुढच्या व्यंजनासकट पाहिला म्हणजे पुष्कळसा स्थिर होतो. 'ए' एकटा चंचल. पण त्याच्यामागें दोन 'एल' आले कीं 'बॉल', 'कॉल', 'टॉल' एकाच चालीनें चालतात. वायली आणि ड्यूरेल यांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, अवघ्या ३७ शब्दान्तांवरून प्राथमिक वर्गांतले सुमारें ५०० शब्द साधतात. मराठींत मात्र ही युक्ति जशीच्या तशी लागू पडत नाहीं. 'काम', 'नाम', 'दाम' यांत कान 'आम' वेगळें काढतो, पण डोळ्यापुढें 'का' आणि 'म' असे तुकडे असतात. स्वर पहिल्या अक्षराला चिकटलेलाच राहतो. म्हणून बाराखडीवर वाढलेल्या मुलाला इंग्रजी शिकवितांना शब्द कोठें तोडावयाचा, हें नव्यानें दाखवावें लागतें.

इतक्या दीर्घ वादाचें फलित थोडक्यांत सांगावयाचें तर असें: यमक कान उघडतें, अक्षर डोळा उघडतें. ज्या मुलाला पहिलें आईच्या गाण्यांतून मिळालें, त्याला दुसरें शिकविणें सोपें जातें; ज्याला तें मिळालें नाहीं, त्याला शाळेनें दोन्ही एकत्र द्यावीं, हाच त्या ६५ मुलांनीं शिकविलेला धडा आहे.