नांदेड-लातूर अंतर आणि प्रसरणशील विश्व

विश्व प्रसरण पावत आहे, असे आपण वर्गात सांगतो. मग नांदेड आणि लातूर एकमेकांपासून दूर जातात का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शास्त्रज्ञांनीही तो गांभीर्याने घेतला आणि त्या इतिहासात एक मराठी नाव आहे.

प्रथम थोडे गणित करू या. दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून लांब जाते, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. आजच्या मोजमापांनुसार दूरच्या दीर्घिकांची अंतरे दरवर्षी सुमारे चौदाशे कोटींत एक भाग वाढतात. नांदेड-लातूर अंतर सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर आहे. तेही याच दराने वाढले, तर शंभर वर्षांत पुरता एक मिलिमीटरही भर पडणार नाही. पृथ्वी-सूर्य अंतर मात्र १५ कोटी किलोमीटर आहे. ते दरवर्षी सुमारे ११ मीटरने वाढायला हवे. तसे होते का?

१९४५ मध्ये आइन्स्टाइन आणि अर्न्स्ट स्ट्राउस यांनी याचे सैद्धान्तिक उत्तर दिले. प्रसरणशील विश्वात एक गोल पोकळी कल्पावी आणि तिच्यातले सारे द्रव्य मध्यभागी एका ताऱ्यात गोळा झाले आहे असे मानावे. पोकळीत त्या ताऱ्याचेच गुरुत्वाकर्षण चालते. बाहेरच्या प्रसरणाने ग्रहांच्या कक्षा ताणल्या जात नाहीत. प्रसरण हा सर्व वस्तूंना ढकलणारा वारा नव्हे. जेथे गुरुत्वाकर्षणाने द्रव्य बांधले गेले, तेथे ते केव्हाच थांबले. नांदेड-लातूरमधला खडक तर अणूंमधील विद्युतबलांनी बांधलेला आहे.

पण खुद्द गुरुत्वाकर्षणच काळाबरोबर दुबळे होत असेल तर? कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉईल यांच्यासमवेत १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व विश्वातील इतर द्रव्यामुळे ठरते, हा त्याचा गाभा होता. १९७०च्या दशकातील त्याच्या रूपानुसार गुरुत्वस्थिरांक हळूहळू घटायला हवा होता. तो घटला, तर सूर्याची पकड सैल होऊन कक्षा रुंदावतील.

निर्णय मोजमापाने लागला. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या रेडिओ संदेशांवरून पृथ्वी-मंगळ अंतर काही मीटरपर्यंत अचूक कळू लागले. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांनी आणखी बारकाई आणली. गुरुत्वस्थिरांकात दरवर्षी एक लाख कोटींत एक भाग एवढाही बदल आढळलेला नाही. शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू की, चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो, याला विश्वाच्या प्रसरणाचा पुरावा म्हणू नये. ते भरती-ओहोटीचे काम आहे.

कक्षांवरून प्रसरणाचा दर मात्र कळू शकतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी, एकमेकांभोवती फिरत आदळलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या. लहरींवरून अंतर आणि त्यांच्या दीर्घिकेच्या प्रकाशावरून वेग मिळाला. या दोहोंवरून विश्वप्रसरणाचा दर काढता आला. अशा लहरी टिपणारी, ४ किलोमीटर लांबीच्या भुजांची वेधशाळा नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. नारळीकर ज्या 'आयुका'चे संस्थापक-संचालक होते, ती पुण्याची संस्था या प्रकल्पात आहे. विश्वप्रसरणाचा दर मोजण्यात उद्या मराठवाड्याच्या मातीचाही वाटा असेल.