अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी

अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी (१८ मार्च १९२५ – २६ मार्च २०१७) हे इटालियन संगीतकार, गिटारवादक, वृंदगायन-संचालक आणि शीळवादक होते. सेर्जो लेओने यांच्या वेस्टर्न चित्रपटांतील, एन्नियो मोर्रिकोने यांच्या संगीतात ऐकू येणारी शीळ त्यांची आहे. ही शीळ जगभर पोहोचली; तथापि ती घालणाऱ्याचे नाव दीर्घकाळ मोजक्या जाणकारांपुरतेच राहिले. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांनी केलेली विपुल रचना तर त्याहूनही अपरिचित राहिली. ती मुख्यतः ‘लायब्ररी संगीत’ या प्रकारात मोडते.

जीवन व वाद्यवादन

अलेस्सांद्रोनी यांचे बालपण मध्य इटलीतील वितेर्बोजवळच्या सोरियानो नेल चिमिनो या गावी गेले. गिटार हे त्यांचे प्रमुख वाद्य असले, तरी मँडोलिन, अकॉर्डियन, पियानो आणि सतार ही वाद्येही ते वाजवीत. एकाच कलावंताकडून अनेक कामे होत असल्याने रोममधील ध्वनिमुद्रण-स्टुडिओंत त्यांना सतत मागणी असे.

१९६०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी ‘इ कान्तोरी मोदेर्नी’ (आधुनिक गायक) हे गायकवृंद स्थापन केले. त्यांच्या पत्नी जुलिया दे मुतीस आणि पुढे प्रसिद्धीस आलेल्या गायिका एद्दा देल्लोर्सो या वृंदात होत्या. त्या काळातील इटालियन चित्रपटसंगीतात ऐकू येणारे शब्दविरहित समूहगायन अनेकदा याच वृंदाचे असते.

चित्रपटसंगीत

‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४), ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) आणि ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या चित्रपटांसाठी अलेस्सांद्रोनी यांनी शीळ घातली.  या चित्रपटांत तिला मुख्य वाद्याचे स्थान मिळाले. ओसाड माळ आणि एकाकी घोडेस्वार यांच्याशी या स्वराचे नाते असे जुळले की, पुढे त्या धाटणीच्या असंख्य चित्रपटांनी त्याचे अनुकरण केले.

पिएरो उमिलियानी यांनी ‘स्वेझिया, इन्फेर्नो ए पारादिझो’ (१९६८) या चित्रपटासाठी रचलेल्या ‘मा ना मा ना’ या गीतातील आवाज अलेस्सांद्रोनी आणि जुलिया दे मुतीस यांचे आहेत. ‘सेसमी स्ट्रीट’ आणि ‘द मपेट शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील सादरीकरणांमुळे हे गीत घराघरांत पोहोचले. प्रेक्षकांनी ऐकले ते मात्र बाहुल्यांच्या तोंडचे, इतर गायकांच्या आवाजातील रूप.

‘लेडी फ्रँकनस्टाइन’ (१९७१) आणि ‘ला तेर्रिफिकान्ते नोत्ते देल देमोनियो’ (१९७१) या भयपटांचे संगीत अलेस्सांद्रोनी यांनी स्वतः दिले.

लायब्ररी संगीत

विशिष्ट चित्रपटासाठी नव्हे, तर पुढे कोणत्याही निर्मितीत वापरता यावे म्हणून आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या संगीतास लायब्ररी संगीत म्हणतात. अशा ध्वनिमुद्रिका दुकानांत विकल्या जात नसत. प्रकाशक त्या मर्यादित संख्येने काढून दूरचित्रवाणी व नभोवाणी केंद्रांना आणि माहितीपटांच्या निर्मात्यांना पाठवीत. संकलक आपल्या दृश्याला साजेसा तुकडा निवडी आणि त्याचे शुल्क दिले जाई. म्हणूनच या ध्वनिमुद्रिकांना कारखाने, समुद्र, निसर्ग, वार्तांकन अशी विषयदर्शक नावे असत. अलेस्सांद्रोनी यांच्या ‘रित्मो देल्लिन्दुस्त्रिया’ (उद्योगाची लय) या शीर्षकावरून हे स्पष्ट होते. ‘प्रिझ्मा सोनोरो’ (१९७४) ही त्यांची या प्रकारातील विशेष नावाजलेली ध्वनिमुद्रिका होय.

या व्यवस्थेत संगीतकाराला श्रोता नव्हता, पण त्यामुळे लोकप्रियतेचे बंधनही नव्हते. जॅझ, फंक, बोसानोव्हा, सायकेडेलिक रॉक आणि प्रायोगिक ध्वनी यांचा मुक्त वापर अलेस्सांद्रोनी यांनी याच क्षेत्रात केला.

टोपणनावे

लायब्ररी संगीतात टोपणनावांची प्रथा होती. ‘ब्रेन’ हे अलेस्सांद्रोनी यांचे टोपणनाव होते. या नावाने त्यांनी जुलियानो सोर्जीनी यांच्यासह काम केले. सोर्जीनी यांचे टोपणनाव ‘रास्कोविच’ होते. ‘ब्रेन्स मशीन’ या नावाने १९७१ मध्ये ‘अंडरग्राउंड’ ही ध्वनिमुद्रिका उमिलियानी यांच्या ‘लिउतो’ या प्रकाशनातर्फे निघाली. मुखपृष्ठावर खरे नाव नसल्यामुळे एखादी रचना नेमकी कोणाची, हे ठरविण्याचे काम पुढील काळातील संग्राहक व अभ्यासकांवर येऊन पडले.

उत्तरकाळ व पुनर्मूल्यांकन

मूळ प्रती थोड्याच असल्याने त्या दुर्मीळ ठरल्या आणि संग्राहकांत त्यांना मागणी वाढली. हिप-हॉप व इलेक्ट्रॉनिक संगीताच्या निर्मात्यांनाही या जुन्या ध्वनिमुद्रिकांत लयीचा मोठा साठा सापडला. त्यानंतर त्यांचे पुनर्प्रकाशन सुरू झाले. रोममधील ‘फोर फ्लाइज’ या कंपनीने अलेस्सांद्रोनी यांच्या काही अप्रकाशित रचनाही प्रथमच श्रोत्यांपुढे आणल्या.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात अलेस्सांद्रोनी यांचे वास्तव्य नामिबियात होते. वयाच्या ९२ व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. दुसऱ्यांच्या संगीतातील एक शीळ एवढीच ओळख उरलेल्या या कलावंताची स्वतःची रचना आज त्याच्या खऱ्या नावाने उपलब्ध होऊ लागली आहे.