दुःख कोणी सांगावे?

१८५६ सालच्या जुलै महिन्यात हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा मंजूर झाला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालमध्ये शास्त्राधार गोळा करून जो लढा दिला, त्याचे ते फळ होते. परंतु कायद्याची अक्षरे सरकारी दप्तरात राहिली आणि माजघरातील विधवा होती तेथेच राहिली. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने काढून घेतला होता. शिवाय ज्ञातीचा बहिष्कार, पुरोहिताचा नकार आणि माहेरची लाज ही तीन कुलुपे सरकारी किल्लीने उघडणारी नव्हती. १८६९ साली विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत विधवाविवाह झाला, तेव्हा त्यात भाग घेणाऱ्यांना बहिष्कार भोगावा लागला. म्हणजे कायदा होऊन तेरा वर्षे लोटली तरी समाजाचे मन जागचे हलले नव्हते. हे मन हलविण्याचे काम कशाने व्हावे, हा प्रश्न त्या काळच्या विचारवंतांपुढे होता, आणि थोड्या वेगळ्या रूपाने तो आजही आपल्यापुढे आहे.

कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. बहुतेक अभ्यासक तिला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. बाबांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. त्यांचे आरंभीचे शिक्षण तेथील मिशनच्या शाळेत झाले आणि १८५४ साली त्याच गावी त्यांचा बाप्तिस्मा झाला. सीमाभागातील आम्हां मराठी ख्रिस्ती वाचकांना त्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र केवळ अभिमानासाठी हे पान आम्ही उघडत नाही. सव्वीस वर्षांच्या या तरुणाने निबंध, प्रवचन किंवा वादविवादाची पुस्तिका न लिहिता गोष्ट का लिहिली, हे आम्हांस समजून घ्यावयाचे आहे.

कथेची रचना साधी आहे. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात. वाटेत ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात आणि प्रत्येकीची हकीकत निराळी असते. कोणाचे केशवपन, कोणाचा उपास, कोणाचा दिरा-जावांच्या घरातील जाच. काही काळाने विनायक मृत्यू पावतो आणि आतापर्यंत ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. जे दुःख तिने दुसरीच्या तोंडून ऐकले, तेच तिच्या कपाळी येते. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते.

या रचनेतील महत्त्वाची गोष्ट आम्हांस अशी वाटते की, यमुना प्रथम ऐकते. पुस्तकाचा बराच भाग तिने कान देण्यात जातो. वाचकही तिच्याबरोबर ओसरीवर बसतो आणि ऐकता ऐकता एका ठिकाणी दचकतो, कारण ही हकीकत त्याच्या स्वतःच्या आत्याची किंवा वहिनीची असते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजापुढे गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट ठेवली, तेव्हा हेच घडले. राजाने परक्याचा अन्याय समजून रागाने निवाडा केला, आणि मग त्यास कळले की निवाडा स्वतःवरच झाला आहे. थेट आरोप केला असता तर राजाने बचाव केला असता. गोष्टीपुढे त्याला बचाव सुचला नाही.

परंतु आदराबरोबर परखडपणाही हवा. ‘यमुनापर्यटना’चा शेवट लेखकाने आधीच ठरविलेला आहे. निरनिराळ्या विधवांनी निरनिराळे दुःख सांगितले, तरी उत्तर एकच, आणि तेही लेखकाच्या हातातले. त्यामुळे ज्या घरांसाठी हे पुस्तक लिहिले गेले, त्या घरांतील अनेकांना ते मिशनचे पुस्तक वाटले. आम्ही ख्रिस्ती म्हणून त्या उत्तराचे मोल जाणतो; तथापि सांगणाऱ्याने ऐकलेल्या दुःखाचा उपयोग स्वतःचा मुद्दा सिद्ध करण्याकडे केला की ऐकणारा सावध होतो, हेही आम्ही नाकारू शकत नाही. दुसरी मर्यादा याहून खोल आहे. येथे विधवा बोलतात खऱ्या, पण लेखणी पुरुषाच्या हाती आहे.

ज्यांचे दुःख त्यांच्याच हाती लेखणी गेली तर काय होते, याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ते ‘यमुनापर्यटना’च्याही दोन वर्षे आधीचे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत एक निबंध दोन भागांत छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी होती मुक्ताबाई, पुण्यात जोतीराव फुले यांनी चालविलेल्या शाळेतील मांग समाजाची एक लहान विद्यार्थिनी.

या मुलीने कल्पित पात्र योजिले नाही. आपल्या लोकांना इमारतींच्या पायात पुरले जात असे, पेशवाईत तालीमखान्यासमोरून गेल्याबद्दल जीव गमवावा लागे, बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावर छप्परही नसे, असे तिने सरळ शब्दांत मांडले. वेद जर एकाच जातीचे, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने विचारला. तो प्रश्न कोणत्याही पंडिताच्या ग्रंथातून उसना घेतलेला नव्हता. तो वेशीबाहेरच्या झोपडीत जन्मला होता. अखेरीस तिने आपल्याच लोकांकडे वळून त्यांना विद्या शिकण्यास सांगितले. वरच्यांपुढे गाऱ्हाणे आणि आपल्यांना हाक, या दोन्ही गोष्टी एकाच निबंधात आल्या. दुसऱ्याने तिच्यासाठी लिहिले असते, तर त्यात दया आली असती. ही हाक आली असती असे आम्हांस वाटत नाही.

‘ज्ञानोदया’च्या संपादकांचे श्रेय येथे मान्य केले पाहिजे. त्यांनी त्या मुलीला पान दिले. पत्राचा धर्मप्रसाराचा हेतू उघड होता. तरीही त्या दोन अंकांत बोलणारी व्यक्ती ती स्वतः होती. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तो निबंध वाचला जातो, याचे कारण आम्हांस त्यातच दिसते.

पुढच्या पिढीत ऐकणे आणि सांगणे हे दोन्ही प्रवाह एका व्यक्तीत एकत्र आले. पंडिता रमाबाई स्वतः १८८२ साली विधवा झाल्या. १८८७ साली अमेरिकेत त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात शास्त्रवचनांची छाननी आहे, आणि तिच्या जोडीला पाहिलेल्या-सोसलेल्या जीवनाच्या हकीकती आहेत. त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या साहाय्याचे आश्वासन मिळाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे शिकलेली पहिली विधवा गोदूबाई हिच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला, आणि १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. एका पुस्तकातील हकीकतींपासून एका शाळेपर्यंत आणि शाळेपासून दुसऱ्या आश्रमापर्यंत हा धागा सरळ दाखविता येतो.

त्याच १८९३ साली शारदा सदनात ख्रिस्ती धर्माकडे मुली वळविल्या जातात, असा गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार म्हणून असलेला संबंध सोडला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र विश्वास हे कथनाचे भांडवल आहे, हे यावरून दिसते. ते एकदा ओसरले की सत्य हकीकतही संशयाने ऐकली जाते.

याच काळात हा विषय सुधारकांच्या बैठकीबाहेर गेला होता. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. तीत विधवा झालेली यमू स्वतःच आपली कथा सांगते. पदमनजींच्या नायिकेचेच हे नाव, पण आता निवेदन तिच्या तोंडी आले. त्याच १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतील न्हावी एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन न करण्याचा त्यांनी निर्धार केला. ज्या हातांत वस्तरा होता, त्या हातांपर्यंत विधवेचे दुःख पोचले होते. समाजपरिवर्तनाचे याहून मूर्त चिन्ह आम्हांस दुसरे आढळत नाही.

हा इतिहास आम्ही आमच्या वाचकांपुढे, विशेषतः सेवेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे, एका हेतूने ठेवीत आहो. आमच्या व्यासपीठावरून दुःखितांविषयी पुष्कळ बोलले जाते. प्रवचनात दाखला म्हणून त्यांची हकीकत येते, अहवालात आकडा म्हणून त्यांची गणना होते. परंतु मंडळीतील मागच्या बाकावरची विधवा, शाळा सुटून कामाला लागलेली मुलगी, ज्याचे आडनाव ऐकताच सोयरीक मोडते असा उपासक, यांपैकी किती जणांना आम्ही आमचे पान दिले? त्यांची भाषा अशुद्ध वाटली म्हणून ती सुधारण्याच्या निमित्ताने आम्ही त्यांचा प्रश्नच पुसून टाकला नाही ना?

पदमनजींपासून आम्ही कान द्यावयास शिकावे. त्यांनी ऐकले नसते तर ‘यमुनापर्यटन’ झाले नसते. पण तेथेच थांबू नये. १८५५ च्या त्या दोन अंकांत एका लहान मुलीला जी जागा मिळाली, तशी जागा आमच्या पत्रकांत, सभांत आणि उपासनेत आज कोणासाठी राखलेली आहे, याचे उत्तर प्रत्येक मंडळीने स्वतःच्या नोंदवह्या उघडून द्यावे.