पेन्शनरांचे बंगळूर

परप्रांती नोकरी करणारी चार मराठी माणसे एकत्र बसली, बढत्या-बदल्यांची चर्चा संपली आणि चहाचे पेले रिकामे झाले, की एक प्रश्न हटकून निघतो : निवृत्त झाल्यावर राहायचे कोठे? कोणी पुण्याचे नाव घेतो. कोणी कोकणातल्या वडिलोपार्जित घराची आठवण काढतो आणि त्या घराला आता किती वाटेकरी झाले आहेत हेही त्याच दमात सांगून टाकतो. मग कोणीतरी हळूच बंगळुराचा विषय काढतो. तेथील हवा, तेथील बागा, तेथील स्वस्थपणा यांची वर्णने होतात आणि बैठक मोडते. प्रश्न जागच्या जागी राहतो. ज्यांच्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे सरकारी निवासस्थानांत गेली, भिंतीत खिळा ठोकतानाही जे 'हे घर आपले नव्हे' हे विसरले नाहीत, त्या आम्हांला स्वतःच्या घराची ओढ इतरांपेक्षा काकणभर अधिक असावी यात नवल नाही.

बंगळुराला 'पेन्शनरांचे नंदनवन' म्हणण्याचा प्रघात पडला त्याला पुष्कळ काळ लोटला. हे नंदनवन कोणी वसविले, कशापायी वसविले आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाहिल्यास आमच्या प्रश्नावर थोडा प्रकाश पडेल असे वाटते.

हवेचा महिमा आम्हांस मान्य आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरचे हे पठार दक्षिणेत असूनही उन्हाळ्यात भाजून काढीत नाही आणि हिवाळ्यात हाडे गोठवीत नाही. दिल्लीची थंडी सोसलेल्या म्हाताऱ्या सांध्यांना तेथील जानेवारीचे ऊन औषधासारखे वाटते. परंतु चांगल्या हवेची ठिकाणे या देशात थोडी नाहीत. केवळ हवेने गाव वसत नाही.

केंपेगौडाने १५३७ साली बंगळुराचा कोट व पेठ वसविली. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ साली, विजापूरच्या फौजेने ते घेतले आणि त्या फौजेतील सरदार शहाजीराजे भोसले यांच्याकडे ते जहागीर म्हणून आले. कर्नाटकात नोकरीनिमित्त जाऊन तेथेच संसार थाटणाऱ्या मराठी माणसांच्या मालिकेत शहाजीराजांचे नाव अग्रभागी घालावे लागेल. त्यांच्या बंगळुरातील दरबाराचे वैभव जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू'त वर्णिले असून, इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो ग्रंथ संपादून महाराष्ट्रापुढे ठेवला. राजे मात्र कायमचे असे परत देशी आले नाहीत. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधीही तेथेच आहे.

त्यांच्यामागे बंगळूर व्यंकोजीकडे आले. व्यंकोजी तंजावरास गादीवर बसल्यावर हे दूरचे ठाणे राखणे त्यास परवडेना. तेव्हा त्याने ते मैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरास तीन लाख रुपयांस देण्याचे ठरविले. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले. आणि अखेर त्या तीन लाखांतच ते मैसूरकरांच्या हाती गेले. ज्या गावात पुढे घराच्या एकेका तुकड्यासाठी माणसे आयुष्यभराची पुंजी ओतणार होती, ते अख्खे गावच एकदा असे सौद्यात निघाले होते.

वृद्धांचे गाव म्हणून बंगळुराची ख्याती होण्याचे मूळ इंग्रजी अमलात आहे. श्रीरंगपट्टणची हवा हिवतापाची ठरल्यामुळे तेथील फौज हलवून १८०९ साली बंगळुरास छावणी घालण्यात आली. छावणीमागोमाग बाजार, देवळे, गिरजाघरे, शाळा व इस्पितळे आली. नोकरी संपलेले गोरे शिपाई, ज्यांना विलायतेत कोणी उरले नव्हते किंवा तेथील थंडी व महागाई सोसणार नव्हती, ते येथेच राहू लागले. तुटपुंज्या पेन्शनीतही येथे बंगला, बाग आणि दोन नोकर ठेवता येत. मंगळुरी कौलांचे छप्पर, पुढे रुंद व्हरांडा आणि खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार टोपी, ही त्या बंगल्यांची खूण होय. त्या टोपीला बंगळुरात 'मंकी टॉप' म्हणतात.

या मंडळींत मार्क कबनची कथा चटका लावणारी आहे. १८०० च्या सुमारास हिंदुस्थानात आलेला हा गृहस्थ १८३४ पासून १८६१ पर्यंत मैसूरचा कमिशनर होता. त्याने स्वतःसाठी बांधविलेले घर पुढे सरकारकडे गेले. आजचे राजभवन ते हेच. साठ वर्षे ज्याने मायभूमी पाहिली नव्हती, तो १८६१ मध्ये अखेर प्रकृती ढासळल्यावर स्वदेशी निघाला, आणि वाटेत सुएझ येथे वारला. त्याचे घर बंगळुरात राहिले, गाव पलीकडे राहिले आणि देह मधल्या वाटेवर पडला. आमच्यापैकी पुष्कळांच्या मनातील भीतीला याहून नेमके रूप कोणते द्यावे?

१८८२ साली मैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन समाजाच्या संस्थेस शहराच्या पूर्वेस ३,९०० एकर जमीन दिली. मधोमध वर्तुळाकार मैदान आणि त्याभोवती घरे अशी ती व्हाइटफील्डची वसाहत. हेतू शेतीचा होता. परंतु काळाच्या ओघात ते निवृत्तांचे निवांत खेडे झाले.

येथपर्यंतचा इतिहास साहेबांचा. देशी पेन्शनरांचे बंगळूर जन्मास आले ते मात्र एका संकटातून. १८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात शिरला. जुन्या पेठेतील दाट वस्तीत माणसे पटापट मरू लागली. या प्लेगने १८९७ साली पुण्यात काय घडविले ते मराठी वाचकांस सांगावयास नको. बंगळुरात त्याच रोगाने दुसरेच काही घडविले. दक्षिणेस बसवनगुडी आणि उत्तरेस मल्लेश्वरम् या दोन नव्या वसाहतींच्या उभारणीस या आपत्तीने वेग दिला. मैसूर सरकारचे प्लेग कमिशनर होते व्ही. पी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी देशस्थांपैकी एक. पुढे ते त्रावणकोर, मैसूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले.

या वसाहतींची आखणी भयातून झाली होती, म्हणूनच ती शहाणपणाची झाली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, त्यांना नावांऐवजी क्रमांक, घरामागून सफाईसाठी वेगळी बोळ, दोन घरांमध्ये हवा खेळेल इतके अंतर, ठरावीक ठिकाणी उद्यान आणि देऊळ. अर्कावती नदीवर हेसरघट्टा येथे १८९४ साली बांधलेल्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले. १९०५ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरील विजेचे दिवे बंगळुराच्या रस्त्यांवर लागले. सगळेच काही गोड नव्हते. भूखंड वाटताना जातीजातींचे वेगळे भाग पाडण्यात आले होते. नव्या घरांत जुनी भिंत आणून बसविली होती. तरीही एवढे खरे, की मध्यम वेतनाच्या माणसाला बंगळूर सुखाचे झाले ते त्या नळामुळे, त्या गटारामुळे आणि त्या बोळीमुळे. हवा पूर्वीपासून होतीच.

अशा वसाहतीत निवृत्त तहसीलदार, शिक्षक, मुनसफ, इंजिनिअर येऊन राहिले. फाटकावर आईचे किंवा कुलदैवताचे नाव, आवारात नारळ, फणस आणि सोनचाफा, आत लाल गुळगुळीत गिलाव्याची थंडगार जमीन. पहाटे लालबागेत फेरी. ही बाग हैदरअलीने १७६० साली आरंभिली. परतताना फुले आणि भाजी. मग पितळी गाळणीतून ठिबकलेल्या काढ्याची कॉफी आणि वर्तमानपत्र. डिसेंबर लागला की अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलीत अख्खे घर ओसरीवर बसे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीच्या देवळापाशी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते, आजही भरते. रामनवमीच्या सुमारास चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या आवारात मांडवाखाली गाणे होते. हा परिपाठ १९३९ पासूनचा आहे.

निवृत्ती म्हणजे निष्क्रियता असे मात्र तेथे कोणी मानले नाही. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून खानदेश, नाशिक, पुणे येथे मुंबई सरकारची नोकरी केली आणि १९०८ मध्ये ती सोडली. त्यानंतर १९१२ पासून १९१८ पर्यंत मैसूरचे दिवाणपद सांभाळून, शंभरी ओलांडून, १९६२ साली बंगळुरातच त्यांनी देह ठेवला. नोकरीतील वर्षांच्या दुपटीहून अधिक वर्षे त्यांनी नोकरी सोडल्यावर कामात घालविली. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली बसवनगुडीच्या परिसरात लोकशिक्षणासाठी संस्था काढली, तिला नाव दिले ते गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. तेथील व्याख्यानांचा नित्य श्रोता कोण, हे सांगावयास नकोच : हातात छत्री घेतलेला पेन्शनर.

स्वातंत्र्यानंतर हे सुख अधिक लोकांच्या आवाक्यात आणण्याचा यत्न झाला. १९४५ साली नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले होते. १९४८ साली राजगोपालाचारींच्या हस्ते जयनगरचा पाया घातला गेला. तीस फूट बाय चाळीस फुटांचा भूखंड, ज्याला बंगळुरी भाषेत 'साइट' म्हणतात, हा मध्यमवर्गाचा मनोरथ बनला. केंद्र सरकारने १९५६ मध्ये आपल्या नोकरांस घरबांधणीसाठी आगाऊ रक्कम देण्याची योजना सुरू केली. १९६२ मध्ये निवृत्तीचे वय पंचावन्नवरून अठ्ठावन्नवर गेले तेव्हा हप्ते फेडण्यास आणखी तीन वर्षे मिळाली, हा लाभ ज्यांनी घर बांधले त्यांनाच कळला असेल. घर दोन मजली बांधावे, खाली आपण राहावे, वरचा मजला 'भोग्या'ने द्यावा, अशी तेथील रीत आहे. भोग्यात भाडे नसते. राहणारा एकरकमी मोठी ठेव देतो आणि सोडताना ती जशीच्या तशी परत घेतो. या ठेवीतून कित्येकांनी मुलीचे लग्न केले आणि ती परत करताना पुढच्या भाडेकऱ्याची ठेव घेतली.

आणि पेन्शन? ती सरकारची कृपा की नोकराचा हक्क, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात निकालात काढला. पेन्शन ही खैरात नव्हे, केलेल्या सेवेचे ते देणे आहे, असे न्यायालयाने ठरविले. पेन्शनर मंडळी तो दिवस आजही पाळतात. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत शिरलेल्यांची गोष्ट वेगळी झाली; ठरलेल्या पेन्शनीच्या जागी वर्गणीची योजना आली. तेव्हा या विषयात वडील आणि मुलगा एकाच खात्यात असूनही एकाच भूमिकेवर नाहीत.

आता नंदनवनाचे काय झाले ते सांगावयास हवे. १९०१ साली शहर व छावणी मिळून लोकसंख्या सुमारे एक लाख साठ हजार होती, १९५१ साली पावणेआठ लाखांच्या वर गेली आणि २०११ साली चौऱ्याऐंशी लाखांपर्यंत पोहोचली. व्हाइटफील्डच्या त्या निवांत वर्तुळाभोवती संगणकधंद्याच्या काचेच्या इमारती उठल्या. हेसरघट्ट्याचे पाणी कधीच अपुरे पडले. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून आणले जाऊ लागले, तरी २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटून टँकरमागे रांगा लागल्या. जुन्या बंगल्याच्या जागेची किंमत बंगल्यापेक्षा आणि त्यात राहणाऱ्यापेक्षाही मोठी झाली. मुले परदेशी, घरात एकटी आई. दाराशी घर पाडून सदनिका बांधू पाहणारा कंत्राटदार. ती नाही म्हणते, पुढच्या वर्षी तो पुन्हा येतो. एक दिवस आवारातला फणस पडतो. ही हकीगत मल्लेश्वरमची म्हणून सांगितली तरी डेक्कन जिमखान्याची किंवा दादरच्या हिंदू कॉलनीची नाही काय?

या इतिहासातून आम्ही एवढेच घेतले. बंगळूर हवेने सुखाचे झाले नव्हते. कोणीतरी नळ आणला, झाडे लावली, व्याख्यानमाला चालविल्या, शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाच पावले मागे सरून घर बांधले, म्हणून ते सुखाचे झाले. ही कामे करणारे बहुतेक बाहेरूनच आलेले होते. पुढच्यांनी तयार सुख विकत घेतले आणि त्यात भर घालण्याचे राहून गेले. तेव्हा राहायचे कोठे हा प्रश्न आम्ही बहुधा उलटा विचारीत आलो. ज्या गावी आपण म्हातारपणीही कोणाच्या उपयोगी पडू, ज्या गल्लीत आपण चार दिवस दिसलो नाही तर कोणी दार ठोठावील, ते गाव शोधावे. तेथली भाषा मात्र पेन्शन सुरू होण्याआधी शिकून घ्यावी.

मल्लेश्वरम् वसाहतीला जे नाव मिळाले ते तेथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून, म्हणजे रानातल्या मल्लेश्वरावरून. या देवासाठी एक गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख तेथे आहे. इनाम देणारा व्यंकोजी भोसले. तीन लाखांच्या सौद्यात त्याचे शहर गेले, जहागीर गेली, वाड्याचा मागमूस उरला नाही. देवळाच्या पायऱ्यांवर मात्र संध्याकाळी पेन्शनर येऊन बसतात. त्यांत कोणी मराठी असतो, कोणी तमिळ, बहुतेक कन्नड. आणि सगळे कन्नडातून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात.