बंदी घरी, अभ्यास इंग्लंडात

कॅटलोनिया म्हटलं की आपल्याला बार्सिलोनाचा फुटबॉल आठवतो, नाहीतर स्पेनपासून वेगळं होण्याची मागणी. मला मात्र इंग्लंडमधली एक छोटी संस्था आठवते. अँग्लो-कॅटलान सोसायटी, स्थापना १९५४.

१९३९ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध संपलं आणि फ्रँकोची हुकूमशाही आली. कॅटलान भाषा शाळांतून गेली, सरकारी कचेऱ्यांतून गेली, वर्तमानपत्रांतून गेली. लोक घरात बोलत राहिले, पण मुलांना ती लिहायला-वाचायला शिकवणार कोण?

तेव्हा दोन कॅटलान माणसं इंग्लंडात होती. एक इतिहासकार बातिस्ता इ रोका. युद्ध हरल्यावर देश सोडून ते केंब्रिजला आले. दुसरे जुआन जिली. ते युद्धाआधीच, १९३४ ला आलेले. व्यवसाय पुस्तकविक्रीचा, आधी लंडनला, मग ऑक्सफर्डला. या गृहस्थांनी १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, इंग्रजी वाचकांसाठी कॅटलानचं व्याकरण काढलं. मायदेशी शाळेत शिकवता येत नव्हती त्या भाषेचं!

हे दोघं आणि काही इंग्रज प्राध्यापक यांनी मिळून संस्था उभी केली. परदेशात कॅटलान मंडळं आधीही होती, ब्युनोस आयर्सला तर १८८६ पासून. तिथे आपली माणसं आपल्या माणसांना भेटायची. तेही हवंच. पण या संस्थेने परक्यांना आत घेतलं. परिषदा, व्याख्यानं, १९८० पासून स्वतःची पुस्तकमाला. संस्थेतलेच ॲलन येट्स शेफील्ड विद्यापीठात शिकवायचे. घरबसल्या कॅटलान शिकवणारं त्यांचं पुस्तक १९७५ ला आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रँको मेला.

संस्थेने भाषा वाचवली असं मी म्हणणार नाही. ती वाचवली घराघरांतल्या आयांनी, आणि धोका पत्करून छापणाऱ्यांनी. पण 'ही कसली भाषा, ही तर नुसती बोली' असं हिणवणाऱ्यांना उत्तर द्यायला परक्या विद्यापीठातला अभ्यासक फार कामी येतो. घरच्यांचं कौतुक कुणी मोजत नाही.

आपली परदेशातली मराठी मंडळं गणपती-दिवाळी झकास करतात. त्यात असलेल्या मित्रांना एकच विचारतो: उद्या शेजारच्या इंग्रजाला मराठी शिकावीशी वाटली, तर त्याच्या हातात कोणतं पुस्तक द्याल?