धुके नव्हे, धुरके!

मुंबई, प्रतिनिधी

हिवाळ्यातल्या सकाळी वरळीच्या किनाऱ्यावरून पलीकडच्या इमारती करड्या पडद्याआड गेलेल्या दिसतात. त्या पडद्याला धुके समजून अनेकजण उत्साहाने फिरायला बाहेर पडतात. बहुतेक वेळा ते धुके नसून धुरके असते. धुक्यात केवळ पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. धुरक्यात धूर, धूळ आणि विषारी वायूही मिसळलेले असतात. म्हणूनच ऊन चढल्यावर धुके विरते, धुरके मात्र दुपारपर्यंत रेंगाळते.

धुरके कसे साचते?

एरवी जमिनीलगतची हवा तापून वर जाते आणि धुरालाही वर नेते. हिवाळ्यातल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते. तिच्यालगतची हवा गार आणि वरचा थर उबदार, अशी उलटी स्थिती निर्माण होते. हा थर झाकणासारखा बसतो व धूर खालीच कोंडतो. मुंबईची हवा आजवर खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांनी धुऊन निघत आली. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हे वारे मंदावले आणि शहराला याची किंमत कळली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली.

वाहनांचा वाटा

बांधकामाची धूळ, कारखाने व कचरा जाळणे ही कारणे आहेतच. पण वाहनांचा धूर थेट श्वासाच्या उंचीवर सुटतो. त्यातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बन यांच्यापासून सूर्यप्रकाशात ओझोन तयार होतो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर शिरतात व हृदयविकारालाही निमंत्रण देतात. या कणांची वार्षिक मर्यादा भारतात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली.

इंधन सुधारले, तरीही...

सन २००० मध्ये देशातील पेट्रोलमधून शिसे हद्दपार झाले. मुंबईतील टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्या. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज-६' निकष लागू झाले आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. मात्र वाहनांची वाढती संख्या आणि कोंडी हा लाभ गिळत आहे. शिवाय पेट्रोल वाहनाच्या पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन, तर डिझेलच्या चाचणीत धुराची दाटी तपासली जाते. सूक्ष्म कणांचे वजन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तिच्या कक्षेबाहेर राहतात. पीयूसीचा कागद म्हणजे स्वच्छ धुराची हमी नव्हे.

काय करता येईल?

* सिग्नलला किंवा कोंडीत वाहन थांबले की इंजिन बंद करावे.
* टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि इंजिनची वेळेवर तपासणी करावी.
* जवळच्या अंतरासाठी चालणे वा सायकल, लांबच्या प्रवासासाठी बस, लोकल किंवा मेट्रो वापरावी.
* एकाच दिशेला जाणाऱ्यांनी एका गाडीतून जावे.
* पालिकांनी बसची संख्या वाढवावी आणि पदपथ मोकळे ठेवावेत. त्याविना वरील सल्ला कागदावरच राहील.

दमेकरी, ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर त्या दिवशीचा हवा निर्देशांक पाहूनच घराबाहेर पडावे. धुरके दाट असेल, तर सकाळचा फेरफटका ऊन चढेपर्यंत पुढे ढकलणेच हिताचे.