साडेपाच दिवसांचा कोळसा, अकरा दिवसांची वाट: ‘ह्यू लिंडसे’ आणि एडन

१/ २० मार्च १८३०. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. तिच्या प्रवासी खोल्यांतही माणसांऐवजी कोळसा भरला होता. असे का? #थ्रेड

२/ वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत १८२९ साली बांधलेली ही ४११ टनांची नौका. प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने. रचना साधारण साडेपाच दिवसांच्या कोळशाची. एडनची वाट मात्र ११ दिवसांची! कमांडर जॉन विल्सन एडनला पोहोचले, तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता.

३/ त्या काळच्या आगबोटी एवढे इंधन का खात? बहुतेकींच्या बॉयलरात समुद्राचेच पाणी जाई. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. पाण्याची वाफ होई, क्षार मागे राहत.

४/ जालन्यात बोअरचे पाणी तापवणाऱ्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच प्रकार येथे. हा थर उष्णता अडवतो. कोळसा जास्त जळतो, वाफ कमी मिळते आणि लोखंडी पत्रा तापून लवकर निकामी होतो.

५/ थर टाळण्यासाठी खारट झालेले उकळते पाणी वरचेवर समुद्रात सोडून देत. त्यासोबत कोळशाने दिलेली उष्णताही वाहून जाई. शिवाय दट्ट्याभोवतीचे तागाचे वेष्टण झिजले, की वाफ काम न करताच निसटे.

६/ याचे परिणाम राजकीय होते. ब्रिटनचा कोळसा आफ्रिकेला वळसा घालून येई. तो साठवण्यास वाटेत तळ हवा होता. जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन जिंकले. कोळशाची गरज हे त्यामागचे एक प्रमुख कारण. पुढे १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता.

७/ तोडगा सॅम्युएल हॉल यांनी १८३४ साली सुचवला होता: वाफ समुद्राच्या पाण्यात न मिसळता नळ्यांमध्ये थंड करावी आणि तेच गोडे पाणी पुन्हा बॉयलरात न्यावे. ही पद्धत सर्वत्र रुळण्यास मात्र १८६० चे दशक उजाडले.

८/ आज कोकणातील मासेमारी नौका डिझेलवर चालतात. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो, धूर वाढतो आणि तेवढ्याच अंतराला जास्त डिझेल लागते. इंधन बदलले, हिशेब तोच राहिला: यंत्रात जे निसटते, त्याची किंमत खलाशाला मोजावी लागते. १८३९ साली ती एका बंदराने मोजली.